पाणलोटाचा कारभार पाणलोटातल्या माणसांकडे द्या

प्रति,
राज्याच्या जलसंधारणाचं धोरण, आराखडे आणि निधी ठरवणारे सर्व लोकप्रतिनिधी व अधिकारी

सस्नेह नमस्कार.

प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेतल्या पाणलोट विकास घटकाचा दुसरा टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी आखला होता. पाणलोट म्हणजे ज्या भागावर पडलेलं पाणी एकाच ओढ्याला मिळतं तो सगळा भाग. त्यापुढचं काम कोणत्या नियमांनी चालायचं, यात आपला शब्द चालतो. ते नियम ठरताना गावच्या पाणलोट समित्यांना काय वाटतं हे आपल्यापर्यंत पोचावं आणि चार लोकांच्या वाचनातही यावं, म्हणून हे पत्र खुलं लिहिते आहे.

मी अवर्षणप्रवण पट्ट्यातली कोरडवाहू शेतकरी आहे. बचत गटाची प्रतिनिधी म्हणून गावच्या पाणलोट समितीवर गेले आणि पुढे बरीच वर्षं तिथे काम केलं. माझं रान नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या माळावर चर कसे खोदले, मधल्या वावरांचे बांध धडके आहेत की फुटके, यावर संक्रांतीनंतर माझ्या विहिरीवर मोटर चालणार की नाही ते ठरतं. जलसंधारणाशी माझा संबंध असा थेट चुलीपर्यंतचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पाणलोटात कोणतं काम कुठे करायचं, त्याचा पैसा कुणाच्या हाती असायचा आणि पुढे देखभाल कुणी करायची, हे तिन्ही निर्णय त्या पाणलोटात राहणाऱ्या माणसांच्या समितीकडे असले पाहिजेत. मोजणी, भूजलाचं शास्त्र, तपासणी आणि गावागावांमधला निवाडा ही कामं शासनानं स्वतःकडे ठेवावीत आणि मनापासून करावीत. आज निर्णय वर गेले आहेत आणि देखभालीचं ओझं तेवढं खाली आलं आहे. हे मला मान्य नाही.

आता तक्रारी. नावं कुणाची घेत नाही, कारण साहेब बदलतात, ठेकेदार बदलतात, पद्धत मात्र तीच राहते.

आमच्या माळावर सीसीटीचं, म्हणजे सलग समतल चरांचं काम निघालं. आराखडा नकाशावरून तयार होऊन आला होता. काम ठेकेदाराकडे आणि खोदाई यंत्रावर. चर समतल आहे की नाही हे हायड्रोमार्करनं तपासायला फार शिक्षण लागत नाही. दोन पट्ट्या, मध्ये पाण्यानं भरलेली नळी, दोन्हीकडची पातळी सारखी आली की खूण करायची आणि पुढे सरकायचं. आमच्या गटातल्या बायकांनी हे काम शिकून घेतलं होतं. पण यंत्र तासावर चालतं, त्याला आखणीसाठी थांबायला वेळ नसतो. चालकानं डोळ्यांच्या अंदाजानं चर ओढले. पहिल्या मोठ्या पावसात पाणी चरात मुरायच्या ऐवजी चरातून वाहत सुटलं, उताराच्या टोकाला साचलं आणि तिथला भराव फोडून खाली आलं. चर साफ धुऊन गेला, त्याची माती खालच्या दोन वावरांत पसरली आणि माळावर जिथे आधी काही नव्हतं तिथे नवा ओहोळ तयार झाला. ग्रामसभेत आम्ही हे मांडलं तेव्हा उत्तर मिळालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली आहे, देयक निघालं आहे. खोदलेल्या मातीचे घनमीटर मोजले होते आणि ते बरोबरही असतील. चराची पातळी मात्र मोजलीच नव्हती, कारण मोजमाप पुस्तिकेत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

दुसरी गोष्ट कोल्हापुरी बंधाऱ्याची. हा बंधारा ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात त्याच्या खांबांमधले गाळे उघडे ठेवायचे, म्हणजे पूर आणि पुराबरोबरचा गाळ निघून जातो. पाऊस सरता सरता, नाला वाहता असतानाच, गाळ्यांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवायचे आणि फटी बुजवायच्या. मागे अडलेल्या पाण्यावर आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्याकडे टिकून राहतात. यात सगळा खेळ वेळेचा आहे. बर्गे लवकर टाकले आणि परतीचा पाऊस मोठा आला तर बंधाऱ्याला आणि काठच्या रानाला धोका. उशिरा टाकले तर अडवायला पाणीच उरत नाही. ही वेळ दरवर्षी वेगळी असते. नाल्याच्या काठावर रोज जाणाऱ्या माणसाला ती बरोबर कळते. आमच्याकडे मात्र बर्गे बसवायची मजुरी मंजूर होईपर्यंत नाला आटलेला असतो. शिवाय बर्गे दुसऱ्या गावच्या गोदामात, काही वाकलेले, काही गायब, आणि रबराच्या पट्ट्या तर कुणी पाहिलेल्याच नाहीत. लोकांनी वर्गणी काढून बर्गे टाकायचं ठरवलं तर विचारणा होते की परवानगी कुणाची घेतली. लाखो रुपयांचा बंधारा केवळ या कारणानं दर हिवाळ्यात उघडा पडतो, हे मला फार लागतं. नवीन बंधाऱ्याचा प्रस्ताव तयार करायला जेवढा उत्साह दिसतो, त्याच्या दहाव्या हिश्शानं जरी जुन्या बंधाऱ्याच्या बर्ग्यांकडे पाहिलं असतं तर आमच्या शिवारात गव्हाला एखादं पाणी जास्त मिळालं असतं.

यातूनच तिसरी तक्रार येते, देखभालीची. २००८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत एक चांगली तरतूद होती. खासगी जमिनीवरच्या कामांत लाभधारकानं खर्चाच्या १० टक्के, आणि अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के वाटा द्यायचा. तो पैसा पाणलोट विकास निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि प्रकल्प संपल्यावर दुरुस्तीला वापरायचा. विचार उत्तम. पण प्रकल्प संपला की यंत्रणा निघून जाते, समितीची मुदत संपली की संपली नाही हे कुणी सांगत नाही, खात्यावर सही कुणाची चालते हे बँकेलाही माहीत नसतं. इकडे गाळ भरत राहतो. सिमेंट नाला बांध मागून काठोकाठ गाळानं भरला की तो पाणी अडवत नाही. पाणी त्याच्या माथ्यावरून उडी मारून जातं आणि पायथा खणतं. अशा बांधाची नोंद कागदावर मात्र 'पूर्ण' अशीच असते.

चौथी तक्रार कामांच्या निवडीची. माथा ते पायथा हे सूत्र आपल्या प्रत्येक शासकीय पुस्तिकेत आहे. आधी माळावर चर आणि गवत-झाडोरा, मग ओघळींवर अनगड दगडी बांध, मग वावरांची बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यातली कामं. प्रत्यक्षात पैसा नाल्यात जातो, कारण तिथे यंत्र लावता येतं, मोठं देयक एका ठिकाणी निघतं आणि फोटो चांगला येतो. माथ्यावरच्या कामाला हात लागतात, वेळ लागतो, चराईबंदीसाठी गुराख्यांशी आणि शेळ्या पाळणाऱ्या घरांशी बोलावं लागतं. हे बोलणं वरून आलेल्या आदेशानं होत नाही. राज्याचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. एका वावरात मुरूम किंवा मांजऱ्या नावाचा मऊ खडक लागतो आणि पाणी आत जातं. पलीकडच्या वावरात अखंड काळा पाषाण लागतो आणि पाणी नुसतं वर उभं राहून उन्हानं उडतं. कुठल्या विहिरीला कुठल्या ओढ्याचा झरा आहे हे विहीर खोदणाऱ्यांना आणि त्या विहिरीवर हयात घालवलेल्यांना माहीत असतं. भूजल शास्त्रज्ञाकडे त्याचं कारण असतं. दोघं एकत्र शिवारात फिरले तर कामाची जागा चुकत नाही. तालुक्याला एकच नमुना आराखडा आला की ती हमखास चुकते.

हे सगळं मी भावनेच्या भरात लिहीत नाही. आपल्याच राज्यात उलट अनुभव आहे आणि तो आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढंच पाणी, उसाला पाणी नाही आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा, हे नियम लोकांनी आपणहून पाळले. मंत्रालयातून असा नियम काढला असता तर एका हंगामातही टिकला नसता. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गाव आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवत असे, मग आराखडा होई. तो आराखडाही जमिनीच्या गट क्रमांकांनुसार. शेतकरी नवरा-बायको दोघंही आपल्या वावरात उभी राहून कुठे बांध, कुठे झाड, कुठे गवत हे ठरवत. हिवरे बाजारला पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हा नियम गावानं स्वतःवर घालून घेतला आहे.

याच्या शेजारी राज्य शासनाचं जलयुक्त शिवार अभियान ठेवा. ५ डिसेंबर २०१४ ला निर्णय झाला. दरवर्षी ५ हजार गावं टंचाईमुक्त करायचं उद्दिष्ट ठरलं. ग्रामसभेची मान्यता आराखड्याला होती, पण मंजुरी आणि पैशाच्या चाव्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे होत्या. पुष्कळ गावांनी त्यात जीव ओतून काम केलं, ते मी नाकारत नाही, आणि काही ठिकाणी विहिरी वाढल्याही. पण सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२० मध्ये आलेल्या अहवालात नोंदवलं. यावर राजकारण पुष्कळ झालं. माझ्यासारखीला त्यातून एवढंच हवं होतं की चूक कुठे झाली हे शांतपणे शोधावं आणि पुढच्या वेळी कारभाराची रचना बदलावी. २०२३ च्या जानेवारीत दुसरा टप्पा सुरू झाला, पण पैशाचा आणि मंजुरीचा प्रवाह आमच्याकडे वळल्याचं मला तरी जाणवलं नाही.

घटना काय म्हणते तेही पाहा. ७३ व्या दुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत तिसराच विषय 'लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन व पाणलोट क्षेत्र विकास' हा आहे. म्हणजे हा विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगा आहे, हे देशानं १९९३ पासून मान्य केलेलं आहे. केंद्रानं नेमलेल्या हनुमंतराव समितीनंतर आलेल्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांत सुमारे ५०० हेक्टरचा सूक्ष्म पाणलोट आणि त्याची लोकांची समिती केंद्रस्थानी होती. २००३ मध्ये 'हरियाली' नावाची नवी सूचनावली आली आणि कारभार ग्रामपंचायतींकडे गेला. २००६ मध्ये केंद्राच्याच पार्थसारथी समितीनं त्याचा फेरविचार मांडला. २००८ मध्ये प्रकल्पाचं एकक १ हजार ते ५ हजार हेक्टरच्या समूहाचं झालं, राज्य पातळीवर यंत्रणा आणि गावात किमान १० जणांची पाणलोट समिती आली, तिच्यात निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांच्यातले असावेत असं ठरलं. मी त्याच वाटेनं समितीत आले. कागदावर ही रचना आजही वाईट नाही. पण एकक मोठं होत गेलं, वरची यंत्रणा वाढत गेली आणि समितीचा अधिकार सह्यांपुरता उरला.

आता आपल्या बाजूचं म्हणणं. ते मी अनेक बैठकांत ऐकलं आहे आणि त्यात तथ्यही आहे. गावाकडे पैसा दिला की दोन-चार वजनदार घरं तो आपल्या वावराकडे वळवतात. गावाला भूशास्त्र कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी गावाची शीव मानत नाही. वरच्या गावानं नाला वाटेल तेवढा खोल केला, तळ्यावर तळं बांधलं, तर खालच्या गावाच्या विहिरी कोरड्या पडतात. मी खालच्या अंगाची असल्यामुळे हे मला कुणी शिकवायला नको. एकेका ग्रामपंचायतीला सुटा अधिकार द्या, असं मी म्हणतच नाही.

मी म्हणते ते असं की अधिकार पाणलोटाला द्या. एका ओढ्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत जी गावं येतात, त्यांच्या समित्यांनी मिळून एक पाणलोट मंडळ करावं आणि त्याला कायद्यानं अधिकार असावेत. ही कल्पना हवेतली नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९४६ च्या कायद्यानं नदीखोऱ्याच्या सीमांवर संवर्धन मंडळं उभी राहिली. त्या खोऱ्यातल्या नगरपालिकांचे प्रतिनिधी त्यांवर बसतात. आपल्याकडेही महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आहे. तो १ जून २०१४ पासून लागू झाला आणि त्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. आमच्या भागात अशी समिती कधी बसलेली मी पाहिली नाही. कायदा आहे, सीमा आखलेल्या आहेत, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे राज्यातल्या दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांचे नकाशे आहेत. त्यात माणसं बसवायची तेवढी राहिली आहेत.

वजनदार घरांच्या प्रश्नाला उत्तर पैसा वर ठेवणं हे नाही. वरही वजनदार माणसं असतात आणि त्यांना जाब विचारायला आम्हाला एसटीनं दिवस मोडून जावं लागतं. गावातल्या माणसाला निदान ग्रामसभेत उभं करून विचारता येतं. त्यासाठी ग्रामसभेपुढे खरा हिशेब यायला हवा.

म्हणून मागण्या अशा आहेत.

पुढच्या टप्प्याच्या नियमांत पाणलोट मंडळाला आराखडा मंजूर करायचा अधिकार द्या. वरच्या आणि खालच्या अंगाच्या गावांना त्यात समान जागा ठेवा. महिला आणि भूमिहीन यांच्या जागा आजच्यासारख्या कागदावर न ठेवता, त्यांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही अशी व्यवस्था करा. तांत्रिक मान्यता अभियंत्याचीच राहू द्या, पण नाकारायचं असेल तर कारण लेखी आणि मराठीत मिळावं.

माथ्यावरची कामं, म्हणजे चर, अनगड दगडी बांध, बांधबंदिस्ती, गवत आणि झाडोरा, यांचा निधी थेट समितीच्या खात्यात यावा आणि ती कामं ठेकेदाराला देऊ नयेत. ती झाल्याचं प्रत्यक्ष जागेवर तपासल्याशिवाय नाल्यातल्या कामांचा पैसा सोडू नये. हा एक नियम जरी काटेकोर पाळला तरी पुष्कळ फरक पडेल, अशी माझी खात्री आहे.

प्रत्येक पाणलोटाला देखभालीचा वेगळा निधी हवा, आणि तो ३१ मार्चला परत जाता कामा नये. जुन्या पाणलोट विकास निधीची जी खाती अडकून पडली आहेत त्यांची यादी गाववार जाहीर करा आणि सह्यांचे अधिकार स्पष्ट करा. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे त्या त्या गावाच्या ताब्यात द्या, टाकायची आणि काढायची तारीख गावाला ठरवू द्या आणि मजुरी आगाऊ समितीकडे ठेवा.

देयक निघण्याआधी मोजमाप पुस्तिका ग्रामसभेत वाचून दाखवावी. चराच्या समतलतेची नोंद तिच्यात आली पाहिजे.

शासनानं आपल्याकडचं काम वाढवावं, असंही आम्हाला वाटतं. भूजल शास्त्रज्ञ आराखड्याच्या वेळी शिवारात फिरले पाहिजेत. विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून गावाच्या फलकावर लागली पाहिजे. काम संपल्यावर ३ आणि ५ वर्षांनी बाहेरच्या माणसांकडून तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल आम्हाला वाचायला मिळावा. वरच्या-खालच्या गावांत वाद झाला तर ठरलेल्या मुदतीत निवाडा देणारा अधिकारी हवा. ही कामं गाव करू शकत नाही, ती आपणच करू शकता.

पुढच्या टप्प्याच्या नियमांचा मसुदा अंतिम करण्याआधी मराठीत जाहीर करून ग्रामसभांपुढे ठेवा. त्यावर म्हणणं मांडायला खरिपाच्या पेरणीचे दिवस सोडून पुरेसा वेळ द्या. आणि या पत्रातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचं उत्तर जाहीरपणे द्या, ही विनंती.

आपली,
गावच्या पाणलोट समितीची माजी सदस्य